गाडगेबाबांची खतावणी

संत गाडगेबाबांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा उभा राहतो तो त्यांच्या हातातील खराटा. महाराष्ट्र शासनाने २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, त्यालाही त्यांचेच नाव दिले. त्यामुळे गाव झाडणारा एक भला साधू एवढीच त्यांची ओळख आपल्या मनात ठसली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद या चार शब्दांच्या संगतीत आमची वर्षे जातात. या सवयीने मी बाबांचे चरित्र पुन्हा वाचू लागलो, तेव्हा मला त्या खराट्याच्या जोडीला एक वहीही दिसू लागली. ती कागदाची नव्हती, कारण बाबांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण गरिबाच्या घरातील पैसा कोणत्या दाराने येतो, कोणत्या खिंडाराने जातो आणि तो कोठे जायला हवा, हे त्यांनी पन्नास वर्षे गावोगाव हिंडून ज्या स्पष्टपणे सांगितले, तितक्या स्पष्टपणे ते आमच्या पाठ्यपुस्तकांतही सांगितलेले नाही. या लेखात मला त्या वहीची पाने उलटायची आहेत.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. नाव देबूजी, वडील झिंगराजी, आई सखूबाई, आडनाव जानोरकर. या जन्मसालाकडे जरा निरखून पाहावे. आदल्याच वर्षी, म्हणजे मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोख्यांच्या होळ्या केल्या होत्या. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, युद्ध १८६५ साली संपल्यावर ते कोसळले. भाव उतरले तरी घेतलेली कर्जे मात्र उतरली नाहीत. दंग्यांनंतर सरकारने १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. तो प्रथम लागू झाला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. वऱ्हाडातील शेतकरी त्या छत्राबाहेरच राहिला. देबूजीचे बालपण अशा काळात आणि अशा प्रदेशात गेले.

घरावर पहिला घाला पडला तो दारूचा. त्या काळी देवकार्य म्हटले की बकरे आणि बकऱ्याच्या मागोमाग दारू आलीच. जातगोतापुढे मान राखायचा तर दोन्ही हवे. झिंगराजी या रिवाजात ओढले गेले आणि सुटू शकले नाहीत. घरचे किडूकमिडूक गेले, शेवटी शरीरही गेले. १८८४ साली ते वारले तेव्हा देबू आठ वर्षांचा होता. सखूबाई पोराला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे या गावी माहेरी आली. तेथे देबू गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर नांगर धरू लागला. कामाला तो वाघ होता असे सारे चरित्रकार सांगतात.

दुसरा घाला मामांच्या घरावर पडला. मामा चंद्रभानजी कष्टाळू आणि सरळ मनाचे शेतकरी होते. त्यांनी सावकाराशी कर्जाचा व्यवहार केला आणि सुगीमागून सुगी ते फेड करीत राहिले. पण पावती घ्यावी हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि सावकाराच्या वहीत काय लिहिले जाते हे त्यांना वाचता येत नव्हते. आपण फेडत आहोत असे मामा समजत राहिले, वही मात्र उलटेच बोलत राहिली. एक दिवस कर्जापोटी जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण देबूजी नांगर सोडून त्यांच्या आडवा उभा राहिला आणि त्यांना परतवून लावले.

बाबांच्या पुढील साऱ्या शिकवणीचे मूळ मला याच प्रसंगात सापडते. मामा उधळे नव्हते, व्यसनी नव्हते, आळशी तर मुळीच नव्हते. काटकसर म्हणजे पैसा न उडवणे एवढाच अर्थ असता तर मामा कधी बुडाले नसते. ते बुडाले ते अक्षर येत नव्हते म्हणून. म्हणजे एकाच कुळात बाबांनी दोन प्रकारची बुडीत खाती पाहिली. वडील बुडाले ते लोकरीतीच्या खर्चाने आणि मामा बुडाले ते अज्ञानाने. पहिला खर्च बंद करायचा आणि त्यातून वाचलेला पैसा दुसरे भगदाड बुजवायला लावायचा, हा धडा त्यांना कोणी शिकवला नाही. दोन मरणांनी तो त्यांच्यावर कोरला.

१८९२ साली देबूजीचा विवाह कुंताबाईशी झाला. पहिली मुलगी झाली. बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी होती. देबूजीने गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुसले, नावे ठेवली गेली. आज आपल्याला यात विशेष काही वाटणार नाही. पण ज्या माणसाला त्याच गावात, त्याच पंगतीत आयुष्य काढायचे आहे, त्याने लोकांच्या अपेक्षेला नाही म्हणणे किती अवघड असते, हे लग्नाची याद्यांची बैठक ज्याने पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही. बाबांनी उपदेश नंतर केला, आपल्या घरातील खर्च आधी बदलला.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, देबूजी घर सोडून निघाला. अंगावर चिंध्या जोडलेले वस्त्र, हातात काठी आणि मातीचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगे महाराज म्हणू लागले. बाहेरून पाहणाऱ्याला हा वैरागी भिकारी वाटे, पण त्यांचा एक नियम भिकेच्या अगदी विरुद्ध होता. गावात शिरताच आधी रस्ता झाडायचा, गटार मोकळे करायचे किंवा कोणाची लाकडे फोडून द्यायची, आणि मगच भाकरी मागायची. काम झाल्यावर कोणी पैसे देऊ केले तर घ्यायचे नाहीत, भाकरी गाडग्यात घ्यायची आणि पुढच्या गावी निघायचे. फुकट काही घ्यायचे नाही आणि गरजेपेक्षा अधिक काही ठेवायचे नाही, ही त्या नियमाची दोन टोके होत.

माझ्या एका कन्नड माध्यमात शिकलेल्या मित्राला मी हे सांगितले तेव्हा त्याला मुळीच नवल वाटले नाही. यात नवे काय, हे तर कायक आणि दासोह झाले, असे तो म्हणाला. बाराव्या शतकात बसवण्णा आणि त्यांच्याबरोबरच्या शरणांनी या आपल्याच प्रदेशात सांगितले की प्रत्येकाने स्वतःच्या श्रमाचे खावे, यालाच कायक म्हणतात. आणि उरेल ते समाजाच्या पंगतीत वाढावे, तो दासोह. वऱ्हाडातील निरक्षर परटाने हे ग्रंथ वाचले असण्याचा प्रश्नच नाही. श्रमाचे मोल ज्याला कळले तो कोणत्याही भाषेत त्याच ठिकाणी येऊन पोचतो, एवढेच यावरून दिसते. आपल्या अंकाच्या मराठी आणि कन्नड या दोन्ही विभागांत शोभेल असा हा माणूस आहे.

बाबांच्या आरंभीच्या कार्याचे स्थान म्हणजे पूर्णा नदीकाठचे ऋणमोचन. तेथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. गावाच्या नावातच ऋणातून सुटका आहे. नदीची दरड निसरडी, चिखल मोठा, त्यात म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होत. बाबांनी स्वतः माती टाकून वाट नीट केली आणि पुढे लोकांच्या वर्गणीतून तेथे घाट उभा राहिला. मला मात्र वाटते की त्या जागेच्या नावाचा खरा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळला नसेल. माणसे तेथे देवाचे ऋण फेडायला येत आणि जत्रेच्या खर्चाने सावकाराचे ऋण डोक्यावर घेऊन परत जात. नदीत बुडी मारल्याने ते दुसरे ऋण फिटत नाही, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. ते काम बाबांनी अंगावर घेतले, आणि त्यासाठी साधन निवडले कीर्तनाचे.

त्यांचे कीर्तन हरदासी थाटाचे नव्हते. फेटा नाही, उपरणे नाही, संस्कृत श्लोक नाहीत. गोपाळाच्या नामघोषात हजारोंचा समुदाय एकतान झाला की बाबा वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारू लागत. प्रश्न अगदी साधे, आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघे. ज्याला मनातून उत्तर माहीत आहे पण ते मान्य करण्याची हिंमत नाही, त्याला चारचौघांत ते उच्चारायला लावायचे, ही त्यांची शिकवण्याची रीत. बाया, बापे, पोरे सारी एकत्र बसलेली असत. म्हणून घरचा हिशेब घरातील सगळ्यांच्या कानी एकदमच पडे. नवऱ्याने ऐकले आणि बायकोला कळले नाही, किंवा आईला पटले आणि पोराला ठाऊक नाही, अशी सोय उरत नसे.

त्या कीर्तनांतून त्यांनी जे सांगितले त्याची मी माझ्यापुरती खतावणी केली, तेव्हा खर्चाची चार खाती निघाली.

पहिले खाते देवाच्या नावाचे. नवसाला बकरे कापायचे आणि त्यासाठी कर्ज काढायचे. बाबा म्हणत की देव काही बकरे खात नाही, खातात ती माणसे. मग खर्च देवाच्या नावे का मांडायचा? वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर ही चुकीच्या खात्यावर केलेली नोंद होय. दुसरे खाते लोकलाजेचे. लग्नातील मानपान, मेल्यामागची तेराव्याची जेवणे, पाहुण्यांपुढे मिरवायचा थाट. ऋण काढून सण करू नका, हे त्यांनी किती वेळा सांगितले असेल त्याला गणती नाही. तिसरे खाते दारूचे. त्यावर त्यांना वडिलांची आठवण पुरेशी होती.

चौथे खाते शिक्षणाचे. या खात्याशी आले की हाच काटकसरी बुवा एकदम उधळा होई. पैसे नसतील तर घरातील ताटे मोडा आणि भाकरी हातावर घेऊन खा, अंगावर कमी भावाचे नेसा, मोडक्या घरात राहा, पण मुलाला शाळेत घातल्यावाचून राहू नका, असा त्यांचा आग्रह असे. येथे काटकसर आणि कंजूषपणा यांतील फरक स्वच्छ दिसतो. कंजूष माणूस पैसा अडवून ठेवतो. बाबांना पैसा अडवायचा नव्हता, तो वळवायचा होता. पहिल्या तीन खात्यांतून काढून चौथ्या खात्यात जमा करा, एवढीच त्यांची अर्थनीती होती. मामांना चार अक्षरे आली असती तर जमीन वाचली असती, ही खूणगाठ तिच्यामागे होती.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे असे कोणी समजू नये. बेळगाव तालुक्यातील गावांत महालक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी एकदा भरते. घरांना रंग लागतो, पै-पाहुण्यांना आमंत्रणे जातात, जेवणावळी उठतात. या आनंदाला माझी ना नाही. वर्षानुवर्षे न भेटलेली माणसे भेटतात, लेकी माहेरी येतात, त्याचे मोल पैशात होत नाही. प्रश्न आहे तो पैसा आणतो कोठून हा. समजा, एका घराने यात्रेसाठी ५०,००० रुपये दरमहा शेकडा ३ रुपये व्याजाने उचलले. महिन्याला तीन रुपये हा आकडा कानाला लहान लागतो, म्हणूनच तो फसवतो. वर्षाचे व्याज होते १८,००० रुपये, आणि मुद्दल जागच्या जागी. पुढच्या जूनमध्ये त्या घरातील मुलीच्या कॉलेज प्रवेशाची वेळ येते, तेव्हा घरात पैसा नाही असे तिला सांगितले जाते. पैसा नव्हता असे नाही, तो आधीच दुसऱ्या खात्यावर लिहिला गेला होता. बाबांना ही दोन खाती एकमेकांना जोडून दाखवायची होती.

पण एवढ्यावर ते थांबले असते तर गरिबांना काटकसर शिकवणाऱ्या अनेक सुखवस्तू उपदेशकांपैकी एक ठरले असते. बाबांनी वहीची दुसरी बाजूही लिहिली. गरिबाचा कोणता खर्च त्याच्या हौसेचा नसून नाइलाजाचा आहे हे त्यांनी शोधले आणि तो कमी करण्याची व्यवस्था उभी केली. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला अस्पृश्य समजल्या गेलेल्या वारकऱ्यांना कोणी आसरा देत नसे, तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी राहिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली धर्मशाळा झाली. बाहेरगावचा रोगी रुग्णालयात दाखल झाल्यावर त्याच्या बायको-भावाने मुंबईत कोठे राहायचे, काय खायचे, हा प्रश्न कर्जाला आमंत्रण देणारा. ते कर्ज निघूच नये म्हणून ही इमारत. दारूवर खर्च करू नका हे कीर्तनात सांगता येते. आजारावर खर्च करू नका असे कसे सांगणार? तेथे बाबांनी उपदेश केला नाही, छप्पर दिले.

या बांधकामांसाठी त्यांच्या शब्दाखातर लाखो रुपये जमा झाले. त्यातील एक पैसा त्यांनी स्वतःच्या अंगाला लागू दिला नाही. संस्थांचे विश्वस्त नेमून दिले आणि त्या मिळकतींवर आपल्या नातेवाइकांचा काडीचाही हक्क राहू नये अशी तजवीज केली. धर्मशाळेच्या अन्नछत्रात हजारो जेवत, बाबा मात्र आपले गाडगे घेऊन बाहेर भाकरी मागत. आमच्या शास्त्रात धंद्याचा पैसा आणि धन्याचा पैसा वेगळा मानावा हे पहिले तत्त्व आहे. मोठमोठ्या पेढ्या त्या तत्त्वाला ठेच लागून बुडाल्याचे आपण वाचतो. बाबांनी ते अखेरपर्यंत पाळले.

याच जागी चरित्र वाचताना माझे मन अडते. कुटुंबांना संसार कसा करावा हे सांगणाऱ्या या माणसाने आपले कुटुंब मागे टाकले होते. कुंताबाईंचे आयुष्य कष्टात गेले. मुलगा गोविंदा १९२३ साली वारला, तेव्हाही बाबा घरी नव्हते, कीर्तनाच्या दौऱ्यावर होते. लोकांच्या मुलांसाठी ताट मोडा म्हणणाऱ्याच्या घरातील ताटाचे काय झाले, असे कोणी विचारले तर त्याला उद्धट म्हणता येणार नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. जनतेच्या पैशातून घरच्यांना सुख द्यावे हे त्यांना अशक्य होते, आणि स्वतःचा पैसा म्हणून त्यांच्याजवळ काही नव्हतेच. त्यांच्या मोठेपणाची किंमत त्यांच्याबरोबर कुंताबाईंनीही चुकवली. थोरांच्या चरित्रात ही नोंद सहसा पुसट शाईने केली जाते. ती ठळक केल्याने बाबा लहान होत नाहीत, कुंताबाई मात्र मोठ्या होतात.

शिक्षणाच्या कामात बाबांना समविचारी माणसे भेटली. कर्मवीर भाऊराव पाटील हे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजचे. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि कमवा व शिका या तत्त्वावर गरिबांची पोरे शिकवली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. ताट मोडा पण शिकवा हे वचन येथे अक्षरशः खरे झाले. रयतने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला गाडगे महाराजांचे नाव दिले. अक्षर न येणाऱ्या माणसाच्या नावाचे महाविद्यालय! आज अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बाबांना विलक्षण आदर होता. एका गरीब घरातील मुलगा शिकला तर काय होऊ शकते याचे उदाहरण म्हणून ते कीर्तनात त्यांचे नाव घेत. ज्या बाबासाहेबांनी १९२५ साली आमच्या निपाणीत येऊन बहिष्कृत वर्गाच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले होते, त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीला बाबांनी १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा सुपूर्द केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलाशी मोटारीतच बाबांनी प्राण सोडला.

बाबा घर सोडून निघाले त्याच १९०५ साली आपल्या कर्नाटकात आणखी एक घटना घडली. गदगजवळील कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी स्थापन झाली. देशातील अशा पहिल्या पेढ्यांत तिची गणना होते. पुढे १९२८ साली उडुपीच्या टी. एम. ए. पै यांच्या बँकेने पिग्मी ठेव योजना काढली. रोज दोन आणे घेण्यासाठी बँकेचा माणूस गरिबाच्या दारी जाऊ लागला. ती बँक पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० साली कॅनरा बँकेत विलीन झाली. पण पिग्मीवाला आपल्या बाजारपेठांतून आजही फिरताना दिसतो. रोज २० रुपये बाजूला पडले तर वर्षाला ७,३०० रुपये होतात, हे गणित भाजी विकणारी मावशीही तोंडपाठ सांगते. मला वाटते, सहकारी पेढी आणि पिग्मी यांनी पैसा ठेवायला जागा दिली, बाबांनी तो ठेवावासा वाटेल असे मन दिले. या दोहोंपैकी एकच असेल तर काम होत नाही. मन आहे पण जागा नाही, तर पैसा मडक्यात राहतो. जागा आहे पण मन नाही, तर साठवलेले सारे एका लग्नात निघून जाते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्या भागात तरी घेतलाच पाहिजे. दिवसभर बिडी वळणाऱ्या बाईने आणखी काय वाचवायचे? १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले. ती माणसे उधळपट्टीमुळे कर्जात नव्हती, त्यांच्या मालाला भाव नव्हता. काटकसर ही न्याय्य दाम आणि न्याय्य मजुरीची जागा घेऊ शकत नाही, हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण बाबांचे चरित्र नीट वाचले तर त्यांनीही तसा दावा केलेला दिसत नाही. त्यांचे म्हणणे वेगळे होते. जो हिशेब करू शकत नाही त्याला दाम वाढवून मिळाला तरी तो टिकत नाही, आणि जो वाचू शकत नाही त्याला आपण लुबाडले जात आहोत हेही कळत नाही. भाव मागायला सुद्धा उत्पादनखर्च मांडता यावा लागतो.

काळ बदलला, सावकाराचे रूप बदलले. आता त्याला गावात राहावे लागत नाही. तो मोबाईलमधून कर्ज देतो, गटाच्या नावाने देतो, आठवड्याला हप्ता वसूल करतो. वसुलीचा जाच इतका वाढला की कर्नाटक सरकारला फेब्रुवारी २०२५ मध्ये लहान कर्जांच्या जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. १८७९ चा कायदा आणि २०२५ चा अध्यादेश यांच्यामध्ये १४६ वर्षे आहेत. चंद्रभानजींना अक्षर येत नव्हते म्हणून सावकाराची वही वाचता आली नाही. आपल्याला अक्षर येते, तरी पडद्यावरच्या अटी न वाचता आपण खाली संमतीची खूण करतो. मग शिकलेले कोण म्हणायचे?

विद्यार्थी मित्रहो, आपण घरातील पहिली किंवा दुसरी शिकलेली पिढी आहोत. आपल्या फीसाठी कोणी तरी कोठे तरी ताट मोडले आहे, मग ते दिसो वा न दिसो. म्हणून घरी कर्जाचा कागद आला तर तो मोठ्याने वाचून आईवडिलांना त्याचा अर्थ सांगणे, दरमहा शेकड्याचे वर्षाचे व्याज काढून दाखवणे, भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपणे आणि धाकट्या भावंडांना रोजचा जमाखर्च लिहायला लावणे, हे आपले काम आहे. त्याला पदवी मिळेपर्यंत थांबायची गरज नाही.

शेवटी, आमच्या पद्धतीप्रमाणे ताळेबंद मांडतो. गाडगेबाबा गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नावे एक गाडगे, एक काठी, एक खराटा आणि चिंध्यांचे वस्त्र, एवढीच मालमत्ता होती. देणे कोणाचेही नव्हते. समाजाच्या नावे त्यांनी धर्मशाळा, अन्नछत्रे, शाळा आणि वसतिगृहे जमा केली. आणि एक येणे मात्र ते मागे ठेवून गेले. ते आपल्याकडून आहे. आपल्या गावातील एक तरी मूल कर्जापायी शाळेबाहेर राहणार नाही इतके जरी आपण पाहिले, तरी त्या येण्याचा पहिला हप्ता भरला असे म्हणता येईल.